दोन म्हातारे आणि बाबांची भैरवी

सिंगापूरला आम्ही राहायचो त्या क्वीन्सटाउनच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबत नसे. वरच्या मजल्यावर उतरायचं आणि जिन्याने एक मजला खाली यायचं, असा तो कारभार होता. त्यामुळे संध्याकाळी बाबा तुआसच्या कामावरून परत आले की आधी त्यांचे बूट जिना उतरताना ऐकू यायचे. शिपयार्डातले ते जड, पुढे लोखंड घातलेले बूट. ते ऐकले की आई चहाचं आधण ठेवायची, आणि बाबा बूट काढून, हातपाय धुऊन बसेपर्यंत कप समोर आलेला असायचा. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला असं कुणी विचारलं तर मी आधी ते बूट सांगेन. मग शेजारच्या घरातला माजाँगच्या सोंगट्यांचा खळखळाट, खालून भोंगा दाबत जाणारा रद्दीवाला, बांबूवर वाळत घातलेल्या कपड्यांची फडफड. आणि रविवारी सकाळी बाबांची पेटी.

बाबा जहाजावर इंजिनियर होते. मी शाळेत जाऊ लागले तेव्हा त्यांनी समुद्र सोडला आणि जहाजं दुरुस्त करणाऱ्या यार्डात नोकरी धरली. पेटी ते चिपळूणला, एका कीर्तनकारांच्या मागे बसून बसून शिकलेले. रीतसर तालीम अशी नव्हतीच. पण बोटात गोडवा होता, आणि तो त्यांना ठाऊकही होता. जहाजावर असताना पेटी त्यांच्या बंकखाली असायची. खवळलेल्या समुद्रात ती केबिनभर घरंगळू नये म्हणून ते तिला दोरखंडाने बांधून ठेवत. ‘तुझ्या आईआधी हिच्याशी संसार केला मी,’ असं ते म्हणायचे, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘मग खिचडीही तिलाच करायला सांगा.’ रविवारी आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी असायची, उपास असो वा नसो. दाण्याचं कूट आई आदल्या दिवशीच करून ठेवायची, कारण रविवारी सकाळी मिक्सर लावला तर बाबा भाता सोडून नुसते बघत बसायचे. दुपारी वरणभात. त्या भातात शेजारच्या मलय माकचिकने, म्हणजे मावशींनी, दिलेलं पांदानचं सुवासिक पान टाकलेलं असायचं. पुण्याहून पाहुणे आले की हा वास कशाचा ते त्यांना कळायचं नाही, आणि आई सांगायचीही नाही.

बाबांचे कान कधी गेले हे सांगता येणार नाही. एका दिवसात गेले असते तर आम्ही डॉक्टरकडे तरी धावलो असतो. तरुणपणीची सगळी वर्षं इंजिनरूममध्ये काढलेली. त्या काळी कानांवर काही घालणं हे नवशिक्याचं लक्षण समजलं जाई. आधी कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येईनाशी झाली. मग फोन. मग मी मागच्या खोलीतून मारलेली हाक. आईचा आवाज बारीक, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं वाया जाऊ लागलं, आणि वाया जाणारं निम्मं नेमकं कामाचं असायचं. यंत्रांचं मात्र उलट. वॉशिंग मशीनमध्ये काही बिघडलं तर ते त्यांना फरशीवर ठेवलेल्या तळपायाला आधी कळायचं. मग ते आपला हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर काढायचे, त्याचं टोक मशीनला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडावर दाबायचे आणि डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. जहाजावर चालत्या इंजिनाचं बेअरिंग असंच ऐकतात. ‘बाहेरून सगळा नुसता गोंगाट असतो,’ ते मला सांगत. ‘टेकवलं की त्या एकाचंच ऐकू येतं.’ शाळेतली कुणी मैत्रीण घरी आली आणि बाबा कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून फ्रिजपाशी उभे असले, तर मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये महिन्यातून एकदा भजन असायचं, आळीपाळीने एकेकाकडे. बहुतेक मंडळी पुण्या-मुंबईची, कंप्युटरवाली नाहीतर बोटीवरची. गायचे परांजपे काका. ईस्ट कोस्टला त्यांचा मोठा फ्लॅट होता, बाल्कनीतून समुद्र दिसायचा, आणि काकांचा आवाज त्या समुद्रापर्यंत जाईल असा होता. ते काळी दोनच्या उंच पट्टीत गायचे आणि ते सगळ्यांना माहीत असावं याची काळजीही घ्यायचे. मी सोळा-सतरा वर्षांची असतानाची गोष्ट. काकांच्याच घरी भजन रंगलं होतं, काका तार सप्तकात चढले, आणि बाबांची पेटी एका सुराने खालीच राहिली. त्यांना ते कळलं नाही. ते मान डोलावत, डोळे मिटून वाजवत राहिले, आणि वरचा सूर नि पेटीचा सूर एकमेकांना खायला लागले. काकांनी गाता गाताच हात पुढे केला आणि अगदी हळू, जणू बाळाला थोपटावं तसा, भात्यावर ठेवला. पेटी थांबली. बाबांनी डोळे उघडले. भजन पेटीशिवाय पूर्ण झालं, प्रसाद वाटला गेला, कुणी एका शब्दाने काही बोललं नाही. बोललं असतं तर बाबांनी थट्टेवारी नेलं असतं. न बोलण्याचं काय करायचं हे त्यांना सुचलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी पेटी आईच्या जुन्या साडीत गुंडाळली आणि कपाटावर चढवली. ‘अहो, एवढं काय त्यात,’ आई म्हणाली. बाबा म्हणाले, ‘काही नाही. माझी भैरवी झाली.’

आमच्याकडे गाण्याची बैठक भैरवीने संपते. भैरवी झाली की उठायचं, त्यानंतर कुणी गात नाही आणि कुणी आग्रहही करत नाही. बाबांच्या लेखी हा नियम होता आणि इंजिनियर माणूस नियम मोडत नाही. त्यामुळे ‘माझी भैरवी झाली’ म्हटल्यावर आईने पुढे काही विचारलं नाही. पण रविवार भयंकर झाले. खिचडी व्हायची, खाल्ली जायची, आणि मग काय करायचं ते कुणालाच कळायचं नाही. मिक्सर कधीही लावायला मोकळीक होती आणि आई तो लावत नव्हती. बाबा तासन् तास वर्तमानपत्र वाचत. मी शाळेच्या गिटार ग्रुपमध्ये होते. घरी सराव करायचा तर दार बंद करून, कारण वाजवलं तर बाबांना वाईट वाटेल असं वाटायचं, आणि त्यांना ऐकूच येत नसलं तर मला वाईट वाटलं असतं. माझे बाबा घरातल्या घरात कुठेतरी निघून जात होते, आणि त्यांना परत कसं आणायचं हे मला समजत नव्हतं. आईलाही समजत नव्हतं. ती फक्त दर शनिवारी कपाटावरच्या पेटीवरची धूळ झटकायची.

गिटार शिकवणाऱ्या आमच्या सरांनी एक दिवस वर्गात तिकिटं आणली. अमेरिकेतले दोन म्हातारे, ब्लूज म्हणजे तिकडची जुनी विरहाची गाणी गाणारे, दौऱ्यावर होते, टोकियोहून येऊन पुढे ऑस्ट्रेलियाला जायचे होते, आणि मध्ये सिंगापूरला रविवारी दुपारी एका छोट्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. एकाची साधी लाकडी गिटार, दुसऱ्याचा माउथऑर्गन. वीज नाही, ड्रम नाहीत. ‘अशी माणसं आता फार उरली नाहीत, गो अँड लिसन लाह,’ सर सिंगापुरी ढंगात म्हणाले. मी तीन तिकिटं मागून घेतली. बाबा नाही म्हणणार हे मला माहीत होतं, म्हणून मी आईला सांगितलं, आणि आईने बाबांना सांगितलं की मुलीच्या शाळेचा कार्यक्रम आहे. आता शाळेच्या सरांनी दिलेली तिकिटं म्हणजे शाळेचाच कार्यक्रम, असं तिचं म्हणणं होतं. निघताना तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पोह्यांचा चिवडा भरून घेतला. बाहेर गेलं की लोक उपाशी ठेवतात ही तिची खात्री आजही गेलेली नाही.

आम्ही बाबांना दुसऱ्या रांगेत बसवलं, उजवा कान स्टेजकडे करून, कारण तो जरा बरा होता. दोन म्हातारे आले. दोघंही सत्तरीच्या पुढचे, कोट-टाय घातलेले, बूट आरशासारखे चकचकीत. गिटारवाले एझ्रा उंच आणि वाळके. माउथऑर्गनवाले हॉरेस बुटके, गोल, आणि कोटाच्या आतून कमरेला माउथऑर्गनांचा पट्टा बांधलेला. ते खुर्च्यांवर बसले आणि त्यांनी खुर्च्या सरकवायला सुरुवात केली. इकडे, थोडी तिकडे, पुन्हा इकडे. शेवटी एकाचा गुडघा दुसऱ्याच्या गुडघ्याला टेकला तेव्हा त्यांचं समाधान झालं. लोक हसले. मग हॉरेसनी गुडघ्यानेच ठेका दिला, आणि एझ्रांनी मान खाली घालून, जबडा गिटारच्या वरच्या कडेवर टेकवून पहिली तार छेडली.

त्या गाण्याचं वर्णन करणं मला आजही जमत नाही. एझ्रांचा आवाज खरबरीत होता, फार खालचा, आणि तो शब्दांपाशी थांबून थांबून यायचा. करंगळीत त्यांनी काचेची नळी घातली होती. ती तारांवरून सरकवली की सूर एका जागेवर न बसता वाटेतल्या सगळ्यांना भेटत पुढे जायचे. मी बाबांकडे चोरून बघत होते. सुरुवातीला ते नेहमीसारखे होते, म्हणजे हजर नसलेले. पण हळूहळू ते खुर्चीच्या कडेवर आले. त्यांची नजर एझ्रांच्या जबड्यावर होती. मग ते माझ्या कानाशी वाकले आणि, आपण कुजबुजतोय अशा समजुतीने, मागच्या चार रांगांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘शुभा, तो स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकतोय.’

पूर्वार्धातलं शेवटचं गाणं फार संथ होतं. नदीपलीकडे राहिलेल्या बायकोला घातलेली साद होती ती, एवढं मला कळलं. काचेची नळी अशी काही फिरत होती की सगळे सूर कोमल होऊन कानावर येत होते. बाबांचा हात गुडघ्यावर हलायचा थांबला. गाणं संपलं, दिवे लागले, निवेदक माइकवर काहीतरी बोलला. बाबा उभे राहिले. त्यांनी स्टेजकडे बघून हात जोडले, मान लववली, आणि चालू लागले. आईने पर्स उचलली, डबा उचलला, आणि तीही निघाली.

‘बाबा, इंटरव्हल ओन्ली,’ मी मागून धावत म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. आईला गेलं, ती चालता चालता म्हणाली, ‘अगं, भैरवी झाली ना.’ सगळे सूर कोमल, म्हणजे भैरवीच, असं तिलाही वाटलं होतं. काटेकोरपणे पाहायचं तर ती भैरवी नव्हती, मिसिसिपीकाठच्या माणसाला भैरवी कुठून माहीत असणार. पण त्या दोघांना विचाराल तर ती होती, आणि भैरवीनंतर हॉलमध्ये बसून राहणं म्हणजे पंगत उठल्यावर पानावर बसून राहणं.

बाजूच्या दाराने आम्ही बाहेर पडलो तर तिथे, कॉफीवाल्याच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर, हॉरेस बसले होते. टाय सैल केलेला, तळव्यावर माउथऑर्गन आपटून त्यातलं पाणी काढत होते. आमच्याकडे बघून ते म्हणाले, ‘घरी चाललात? इतकं वाईट वाजवतोय आम्ही?’ ते अर्थात इंग्रजीत म्हणाले. पण त्यांचं बोलणं माझ्या मनात मराठीतच राहिलं आहे, तसंच लिहिते.

मी बाबांच्या उजव्या कानाशी ओरडून ते सांगितलं. बाबा एकदम गोरेमोरे झाले. ‘नो नो, सर,’ ते म्हणाले. ‘फार सुंदर. पण आमच्या गाण्यात हे शेवटी गातात. त्याच्यानंतर कुणी गात नाही. म्हणून आम्ही उठलो.’

हॉरेस हसले नाहीत, उलट माउथऑर्गन खिशात ठेवून सरळ बसले. ‘म्हणजे तुमच्याकडे दार लावून घेणारं गाणं आहे? आणि लोक ऐकतात? उठतात?’

‘उठतात,’ बाबा म्हणाले.

‘हे एझ्राला सांगायलाच हवं. याल का? फक्त त्याच्या समोर उभे राहा, तुमचं तोंड त्याला दिसलं पाहिजे. त्याला ऐकू येत नाही.’

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. आणि पुन्हा एकदा.

आतल्या खोलीत एझ्रा बूट काढून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसले होते. हॉरेसनी त्यांच्या खांद्यावर दोनदा थोपटलं, समोर जाऊन सगळं सांगितलं. एका बाजूला हॉरेस ओरडत होते, दुसऱ्या बाजूला मी. मधल्या दोघांचं बोलणं मात्र अगदी शांत चाललं होतं. बाबांनी विचारलं, ‘ऐकू येत नाही तर वाजवता कसं?’ एझ्रांनी गिटार उचलली, बाबांना जवळ बोलावलं, वाकायला लावलं, आणि गिटारची कड त्यांच्या जबड्याच्या हाडावर टेकवून सगळ्यात जाड तार छेडली.

बाबांचा चेहरा मी तेव्हा अगदी जवळून पाहिला. त्यांनी डोळे मिटले. फ्रिजपाशी उभे राहून ते जसे ऐकत तसंच ऐकत होते, पण फ्रिजने त्यांच्या डोळ्यांत कधी पाणी आणलं नव्हतं. तार थांबली तरी ते वाकलेलेच राहिले. एझ्रांनी पुन्हा छेडली.

‘वरचे सूर गेले,’ एझ्रा म्हणाले. ‘खालचे शिल्लक आहेत. आवाज खाली गेला तेव्हा मी तारा उतरवल्या. कान गेले तेव्हा आणखी उतरवल्या. गाणी तीच आहेत, जरा तळमजल्यावर राहायला आलीत.’

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी हॉरेसकडे वळून विचारलं, आणि हे विचारताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खरोखर बारीक झाला, ‘आणि हे चुकले तर?’

‘रोज चुकतो,’ हॉरेस म्हणाले. ‘कधी सुरात, कधी ठेक्यात. एकदा तर एक अख्खं कडवं गाळलं.’

‘मग तुम्ही काय करता?’

‘मीही तिकडेच जातो. दोघंही एकाच ठिकाणी असलो, की चूक कुठली आणि बरोबर कुठलं हे समोरच्याला काय कळणार? आणि गुडघ्याला गुडघा असतोच. मी निघालो की त्याला कळतं, तो निघाला की मला.’

हे वाक्य मी बाबांच्या कानात ओरडून सांगितलं. ‘गुडघ्याला गुडघा’पाशी मी आईकडे बघितलं, आणि शेवटचं तिने सांगितलं. तिच्या त्या बारीक आवाजात, बाबांच्या अगदी समोर उभं राहून. त्यांना ते पहिल्याच खेपेला समजलं. मला माहीत होतं की भात्यावर आलेला तो हात त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर होता, कारण माझ्याही होता. परांजपे काकांचा मला फार राग आला होता असं नाही. पण हॉरेससारखंही करता येतं हे आम्हाला कुणी तोवर सांगितलं नव्हतं.

आईने डबा उघडला. एझ्रांनी मूठभर चिवडा खाल्ला, मग आणखी मूठभर. हॉरेसनी हात जोडून नकार दिला. माउथऑर्गन वाजवणाऱ्याने मध्ये काही खाल्लं तर कण आत अडकतात, असं त्यांनी समजावलं. तरी त्यांनी कागदात पुडी बांधून घेतली आणि कोटाच्या खिशात ठेवली. ‘त्या खोबऱ्याच्या कापांसह खायचं म्हणावं,’ आईने मला भाषांतर करायला सांगितलं, कारण एझ्रा ते बाजूला काढत होते.

उत्तरार्धात आम्ही पहिल्या रांगेत बसलो. हॉरेसनीच तशी व्यवस्था केली. आता बाबा त्या दोघांचे गुडघे बघत होते. एका गाण्यात एझ्रा खरोखरच वाट सोडून गेले, एक ओळ त्यांनी दोनदा घेतली आणि वरचा सूर चांगलाच घसरला. मला कळलं, गिटार शिकत होते म्हणून. हॉरेसचा गुडघा हलला, माउथऑर्गन घसरत त्या चुकीच्या सुरापाशी गेला, आणि दोघं तिथे असे काही रमले की मागे कुणीतरी शिट्टी मारली. बाबांनी माझा हात दाबला. त्यांना घसरलेला सूर ऐकू आला नव्हता, पण गुडघा दिसला होता.

शेवटी एझ्रा म्हणाले, ‘आज मला एका गृहस्थांनी सांगितलं की त्यांच्याकडे दार लावून घ्यायचं गाणं असतं. मी ते मगाशी चुकून मध्येच गायलो. आता पुन्हा गातो, आणि मग दार लावतो.’ त्यांनी ते नदीपलीकडचं गाणं पुन्हा घेतलं, आधीपेक्षाही संथ. संपल्यावर सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. आणखी एक, आणखी एक, अशा आरोळ्या सुरू झाल्या. अशा कार्यक्रमांत शेवटी एक जास्तीचं गाणं मिळतंच, लोक ते हक्काने मागतात. आणि सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवत होतं, तर आमचे बाबा. उभे राहून, हात डोक्याच्या वर नेऊन, नियम गुंडाळून ठेवून. एझ्रांनी त्यांच्याकडे पाहिलं, तर्जनी हलवली, आणि दोन्ही हात जोडून, मगाशी बाबांनी जसे जोडले होते तसेच, मान लववली. मग हॉरेसच्या खांद्यावर हात ठेवून ते आत गेले. पुन्हा आले नाहीत.

घरी जाताना एमआरटीच्या गाडीत बाबा सारखे म्हणत होते, ‘मी कशाला सांगायला गेलो त्यांना? आणखी एक म्हटलं असतं त्यांनी.’

‘तुमचाच नियम,’ आई म्हणाली. बाबांना ते ऐकू आलं, किंवा ओठांवरून कळलं.

त्या संध्याकाळी, आईने दिवा लावल्यावर, बाबांनी स्टुलावर चढून पेटी खाली काढली. साडी सोडली, भात्याची पट्टी सैल केली. पेटी जमिनीवर न ठेवता त्यांनी ती मांडीवर ओढून घेतली आणि छाती तिच्या लाकडाला टेकवून, अगदी डावीकडच्या, खर्जाच्या पट्ट्यांवर बोटं ठेवली. मी आतून गिटार आणली. तारा उतरवत, उतरवत त्यांच्या सुरापाशी आणल्या. इतक्या सैल की त्या फडफडायला लागल्या. मग खुर्ची सरकवली. इकडे, थोडी तिकडे. माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकला तेव्हा बाबा हसले. मिनिटाभरात ते चुकले. मीही तिकडेच गेले. मला तिकडे काहीही सापडेना, माझं वाजवणं यथातथाच होतं. पण आम्ही दोघं तिथे होतो. स्वयंपाकघरात आईने मिक्सर लावला आणि बाबा भाता सोडून तिच्याकडे नुसते बघत बसले. इतका बरा वाटलेला मिक्सर मी पुन्हा ऐकलेला नाही.

आता माझी पन्नाशी उलटली आहे आणि बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. क्वीन्सटाउनचा तो फ्लॅट त्यांनी सोडलेला नाही; लिफ्ट आता प्रत्येक मजल्यावर थांबते. दोन्ही कानांत यंत्रं आहेत, ती पेटीपाशी बसताना ते काढून ठेवतात. रविवारी मी जाते, गुडघा टेकवते. मध्यंतरी माझा मुलगा बरोबर होता. तो थोडा वेळ ऐकून म्हणाला, ‘आजोबा ऑफ-की गेले, यू ऑल्सो फॉलो, व्हाय लाह?’ मी त्याला म्हटलं, ‘बस इथे, मग सांगते.’ तो बसला. अजून सांगितलेलं नाही, पण तो दर रविवारी येतो.

गेल्या महिन्यात परांजपे काका आले होते. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. समुद्रापर्यंत जाणारा त्यांचा आवाज आता बाल्कनीपर्यंत जेमतेम पोचतो, आणि काळी दोन केव्हाच सुटली. पांढरी एकवरही वरच्या सुराला धाप लागते. ते गायला बसले आणि पहिल्याच अभंगात वर चढता चढता अर्ध्यात अडकले, सूर खाली आला. बाबांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं. पण काकांचा गुडघा त्यांनी आधीच आपल्या गुडघ्याशी ओढून घेतला होता. काका घसरले तसे बाबाही घसरले, त्यांच्या मागोमाग, अगदी तिथेच. काकांनी गाता गाता बाबांकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला, आणि तो बाबांच्या मांडीवर ठेवला.

आम्ही बराच वेळ बसलो. आई खिचडीच्या बशा घेऊन आली तेव्हा काका म्हणाले, ‘चला, आता भैरवी घेऊ आणि उठू.’ आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. त्या दोन म्हाताऱ्यांच्या रविवारपासून आमच्या घरात भैरवी वाजलेली नाही.

‘भैरवी राहू दे,’ बाबा म्हणाले. ‘आपलं अजून मध्यंतर चाललंय.’